टाकी कोण घासतं?

नाशिकला राहणाऱ्यांकडे पाहुणे का येतात, याचं कारण पिढीगणिक बदलत गेलंय. आजेसासूबाईंकडे लोक त्र्यंबकेश्वरला विधी करायचे म्हणून यायचे. सासूबाईंकडे पंचवटी, काळाराम आणि परतताना चिवड्याची पाकिटं एवढ्यासाठी यायचे. माझ्या नशिबी आले ते टाक्या बघणारे. पाहुणा अजून चप्पल काढत असतो, हातातली पिशवी खाली ठेवलेली नसते, आणि दारातूनच प्रश्न येतो, ‘‘मग, उद्या वाइनरी ना?’’

त्यापुढचं वाक्यही ठरलेलं. ‘‘आम्ही घेत नाही हं. नुसतं बघायचंय.’’

आता वाइनरीत नुसतं बघण्यासारखं काय असतं? स्टीलच्या उंच टाक्या, लाकडी पिंपं, जाडजूड पाइप, पंप आणि कायम ओली असलेली फरशी. हीच मंडळी कोल्हापूरकडे जाताना साखर कारखाना आला की मळीच्या वासाने गाडीच्या काचा वर करतात. तिथे कुणी म्हणत नाही की थांबा जरा, आतली यंत्रं बघू. पण द्राक्षाची टाकी म्हटलं की फोटो काढायला रांग.

या सगळ्याची सुरुवात व्हायला फार वर्षं झालेली नाहीत. १९९९ साली सुला ही वाइनरी सुरू झाली तेव्हा नाशिकचं द्राक्ष म्हणजे थॉमसन आणि सोनाका, पेटीत भरून मुंबईला किंवा परदेशी पाठवायचं. मग २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. इकडे विंचूरला आणि तिकडे सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. धोरणात शेतकऱ्याचा विचार आहे, करसवलतीचा विचार आहे. बघायला येणाऱ्यांना सकाळी पोहे आणि रात्री पिठलं-भात कोणी करायचा, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

फेरी कशी असते ते मला आता पाठ आहे. गाइड म्हणून एक तरतरीत मुलगा किंवा मुलगी येते, पहिल्यांदा बाहेरच्या ओट्यावर नेते आणि मणी-देठ वेगळे करणारं यंत्र दाखवते. घड वरून पडतात, आत भोकांचा दंडगोल फिरतो, मणी भोकांतून खाली आणि देठ पुढच्या तोंडातून बाहेर. मग टाक्या. मग पिंपांची खोली. मग बाटल्या भरण्याची लाइन, जी आम्ही जाऊ त्या दिवशी हमखास बंद असते. शेवटी चव घेण्याचं टेबल, जिथे ‘नुसतं बघायचंय’वाले सगळ्यांच्या पुढे उभे असतात. मी आता इतक्या वेळा ऐकलंय की गाइड अडखळला तर मागून वाक्य पुरवते. एकदा एका नव्या मुलाने लाल वाइन किती तापमानाला आंबवतात ते चुकीचं सांगितलं. मी सर्वांसमोर ते दुरुस्त केलं, आणि परतताना गाडीत शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यॉ ब्लाँमधला फरक या विषयावर अनाहूत व्याख्यान दिलं. मागच्या सीटवर तिघं झोपले होते. माझ्यात हा बदल कधी झाला ते कळलंच नाही. मूळची मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई.

पाहुण्यांचे प्रकार आहेत. त्यातला सर्वांत जड प्रकार म्हणजे इंजिनिअर. आमचे एक भाऊजी पिंपरी-चिंचवडला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी पहिल्याच टाकीला टिचकी मारली, कान लावला आणि गाइडला विचारलं, ‘‘स्टील कुठलं?’’

‘‘सर, तीनशे चार.’’

‘‘तीनशे सोळा का नाही?’’

गाइडच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. भाऊजींनी मग तिथल्या तिथे सांगितलं की वाइन टिकावी म्हणून गंधकाचा वायू वापरतात, तो टाकीच्या वरच्या मोकळ्या भागात साठतो आणि तिथे तीनशे चारला त्रास होतो. नंतर वेल्डिंग. नंतर टाकीला बाहेरून जे दुहेरी कातडं असतं, ज्यातून थंड द्रावण फिरतं, त्याच्या पंपाचे अश्वबल. बाकीचा गट पुढे जाऊन चव घेऊन परत आला तरी भाऊजी दुसऱ्या टाकीपाशीच होते. त्यांच्याबरोबर राहिले म्हणून मला एक गोष्ट कळली, तेवढं मान्य करते. साखरेचं मद्य होताना बुडबुडे तर येतातच, पण उष्णताही निघते. पांढरी वाइन पंधरा अंशांच्या आसपास ठेवली नाही तर तिचा वास उडून जातो. नाशिकला द्राक्षं काढतात जानेवारी ते मार्च, म्हणजे शेवटी शेवटी बाहेर पस्तीस अंश. तेव्हा सगळा खेळ त्या कातड्यातल्या थंडाव्यावर. वीज गेली की मालकाचा रक्तदाब वाढतो तो उगीच नाही.

दुसरा प्रकार जाणकारांचा. हे पुण्याहून येतात. ग्लास देठाला धरतात, गोल फिरवतात, नाक आत घालतात आणि डोळे मिटतात. बाकी सगळे श्वास रोखून उभे. आमच्या एका जाणकाराने बराच वेळ नाक आत ठेवून शेवटी सांगितलं, ‘‘ओक. फ्रेंच ओक. थोडी व्हॅनिला.’’ गाइड अतिशय नम्र मुलगी होती. ती म्हणाली, ‘‘सर, ही स्टीलच्या टाकीतली आहे. लाकूड लागलेलंच नाही.’’ जाणकार जराही डगमगले नाहीत. म्हणाले, ‘‘तेच. त्याची उणीव जाणवतेय.’’

तिसरा प्रकार पाय घालणाऱ्यांचा. हंगामात काही वाइनऱ्या हौशी लोकांसाठी लाकडी अर्धपिंपात द्राक्षं ओततात आणि तुम्ही आत उतरून ती तुडवायची. माझी पुतणी गुडघ्यापर्यंत जांभळी होऊन नाचत होती आणि तिच्या सासूबाई काठावर उभ्या राहून गाइडला दटावत होत्या, ‘‘पाय धुतले का सगळ्यांनी? आणि हे बाटलीत भरता?’’ गाइडने शपथेवर सांगितलं की या द्राक्षांची वाइन करत नाही, ही नुसती गंमत. सासूबाईंना ते पटलं नाही. तिथे मी पुन्हा तोंड घातलं. पोर्तुगालमध्ये डोरो नदीच्या खोऱ्यात पोर्ट वाइनसाठी अजूनही काही ठिकाणी दगडी हौदात माणसं उतरून द्राक्षं तुडवतात, आणि ते गंमत म्हणून नव्हे. माणसाच्या टाचेखाली मणी फुटतो पण बी फुटत नाही. बी फुटली तर कडवटपणा उतरतो. सासूबाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे तिकडची खरोखर पायाची असते.’’ त्यांनी त्या दिवशी संत्र्याचं सरबत घेतलं आणि तेही आधी हुंगून.

पिंपांची खोली मात्र सगळ्यांनाच जिंकते. अंधार, गारवा, ओल्या लाकडाचा वास, आणि एकावर एक आडवी पिंपं. आत शिरल्यावर माणसं आपोआप आवाज उतरवतात. एका काकूंनी तर दाराशी चपला काढल्या. पिंपात साधारण सव्वादोनशे लिटर मावतं, बोर्दो प्रांताचं माप आहे ते. आतून पिंप आगीवर शेकतात, किती शेकलं त्यावर चव ठरते. नवं फ्रेंच पिंप घ्यायला जाल तर तेवढ्यात बरी दुचाकी येते, आणि तीन-चार वेळा वाइन ठेवली की लाकडातली चव संपली. लाकडातून वाइन थोडी थोडी उडतही असते, म्हणून वरून भर घालावी लागते. हे ऐकून भाऊजी म्हणाले, ‘‘म्हणजे गळतंय.’’

‘‘सर, ते गळत नाही, श्वास घेतं.’’

‘‘आमच्याकडे त्याला गळतं म्हणतात.’’

चव संपलेली पिंपं अर्धी कापून कुंड्या म्हणून विकली जातात. अशी एक कुंडी माझ्या जावेला फार आवडली, गॅलरीत तुळस लावायला. घरी फोन झाला. सासऱ्यांनी पलीकडून विचारलं, ‘‘आधी त्यात काय होतं?’’ कुंडी आता आमच्या गॅलरीत आहे. तिच्यात कोरफड लावलीय. कोरफडीची हरकत नव्हती.

आता नवऱ्याबद्दल लिहायला हवं, कारण पाहुणे जातात, तो इथेच असतो. कुठल्या तरी फेरीत त्याला हे वेड लागलं. वाइनचं नव्हे, एक ग्लास घेतला की त्याला झोप येते. वेड लागलं ते सामानाचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन करणं हा गुन्हा आहे, १९४९ चा कायदा आहे. हे त्याला मी सांगितलं, वकील असलेल्या मेव्हण्याने सांगितलं. तो म्हणाला, ‘‘करायची कुठे म्हणतोय? सामान ठेवायला बंदी आहे का?’’ आणि सामान यायला लागलं. आधी घनता मोजायची काचेची नळी, रसात तरंगणारी. मग काचेचा मोठा बुधला. मग त्याच्या तोंडावर बसवायची वाकडी नळी, जिच्यात घोटभर पाणी असतं. आतला वायू बुडबुड करून बाहेर येतो पण बाहेरची हवा आत जात नाही. घरात वाइन नसल्याने ती नळी त्याने आल्याच्या सरबतावर बसवली. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात ‘बुडुक’ असा आवाज झाला की मी दचकून उठायची आणि तो अंधारात समाधानाने हसायचा.

सर्वांत कहर केला ब्रिक्स मीटरने. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराच्या खिशात पेन नसेल पण हे असतं. छोटी दुर्बीण समजा. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की साखर किती ते दिसतं. वाइनची द्राक्षं बावीस-चोवीस ब्रिक्सला काढतात, आणि आकड्याला निम्मं करून किंचित वाढवलं की मद्य किती टक्के होईल त्याचा अंदाज येतो. आमच्याकडे याने चहा मोजला. श्रीखंड मोजलं. सत्यनारायणाच्या पूजेला गेलो तर तीर्थ मोजलं. व्याह्यांकडे जेवायला गेलो होतो, तिथे विहीणबाईंनी हौसेने केलेल्या साखरभाताचा पाक काचेवर घेऊन तो ट्यूबलाइटकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘अडुसष्ट.’’ विहीणबाईंना वाटलं, त्यांचं वय विचारतोय. त्या म्हणाल्या, ‘‘चौसष्टावं लागलंय हो आत्ता.’’

सामान वाढलं तशा त्याच्या गोष्टीही वाढल्या, आणि त्या फक्त पिंपांच्या खोलीत, गाइडचं बोलणं तोडून सांगितल्या जातात. त्यातली केपलरची खास. ग्रहांच्या कक्षा शोधणारा केपलर ऑस्ट्रियातल्या लिंझ गावी राहत असताना १६१३ साली दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला. लग्नासाठी वाइनची पिंपं घेतली. व्यापारी आला, पिंपाच्या पोटावरच्या भोकातून एक काठी तिरपी आत सरकवली, पार तळाच्या कोपऱ्याला टेकवली, काठीवरची खूण वाचली आणि पैसे सांगून मोकळा झाला. पिंप लांबोडकं आहे की बुटकं, याची चौकशीच नाही. केपलर खवळला. आपल्याकडचा नवरदेव फार तर केटररशी भांडला असता. याने पिंपाच्या घनफळाचं गणित मांडायला घेतलं आणि १६१५ साली त्यावर लॅटिनमध्ये पुस्तक छापलं. पुढे जे कॅल्क्युलस आलं आणि ज्याने आपली अकरावी-बारावी नासवली, त्याच्या वाटेवरचं हे पुस्तक. आणि एवढं करून निघालं काय? तर ऑस्ट्रियन पिंपांचा आकारच असा असतो की व्यापाऱ्याची काठी फारशी चुकत नाही.

ही गोष्ट ऐकून साताऱ्याचे काका विचारात पडले. म्हणाले, ‘‘लग्नातल्या बिलावर दोन वर्षं घालवली? आणि नवी बायको काही बोलली नाही?’’

याच काकांना, म्हणजे अट्टल ‘घेत नाही’वाल्यांना, नवऱ्याने हायडलबर्गचं पिंप ऐकवलं. जर्मनीत तिथल्या किल्ल्यात १७५१ साली बांधलेलं एक पिंप आहे, दोन लाख वीस हजार लिटरच्या आसपास मावेल एवढं. वर नाचायला फळ्यांचा मंच. आधीच्या काळात तिथल्या दरबारात पेर्केओ नावाचा बुटका विदूषक होता, पिंपावर लक्ष ठेवणारा. दंतकथा अशी की तो आयुष्यभर वाइनशिवाय काही प्यायला नाही. म्हातारपणी आजारी पडला तेव्हा वैद्याने पाणी प्यायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी गेला. काकांनी हातातली पाण्याची बाटली हळूच पिशवीत टाकली.

शॅम्पेनची गोष्ट मात्र मी घरात बंद केली आहे. फ्रान्समध्ये क्लिको घराण्याची सून १८०५ साली, सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली आणि धंदा तिने हातात घेतला. शॅम्पेनच्या बाटलीत गाळ राहायचा, तो काढायचा कसा? सांगतात की तिने घरचं स्वयंपाकाचं टेबल घेऊन त्याला भोकं पाडली, बाटल्या त्यांत उलट्या खोचल्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवत राहिली. गाळ हळूहळू बुचापाशी जमला आणि काढून टाकता आला. बाईचं कौतुकच आहे. पण ही गोष्ट सांगून झाल्यावर नवरा आमच्या जेवणाच्या टेबलावर तळहात फिरवत जरा जास्तच वेळ उभा राहिला. ड्रिल मशीन तेव्हापासून माझ्या माहेरी आहे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना हरिपूरहून आत्याबाई आल्या. नवऱ्याची सख्खी आत्या, वय ऐंशीच्या पुढे, नऊवारी, कानाने पक्क्या. सांगलीजवळचं हरिपूर म्हणजे हळदीच्या पेवांचं गाव. आत्याबाईंनी जमिनीखाली साठवण बघितलेली, आणि तासगावकडे नातेवाईक असल्याने द्राक्षंही बघितलेली. निघायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, ‘‘आमच्याकडे द्राक्षं शेडमध्ये जाळीवर टाकतात, पंधरा-वीस दिवसांत बेदाणा. तुमच्याकडे त्याला टाकी कशाला लागते?’’ मी म्हटलं, आत्याबाई, तिथे विचारू.

वाइनरीत त्या ओट्यावरून टाक्यांच्या हॉलमध्ये आल्या. गाइडने ठरलेलं वाक्य म्हटलं, ‘‘ही आमची वीस हजार लिटरची टाकी.’’ साधारण इथे पाहुणे ‘अबब’ म्हणतात. आत्याबाईंनी मान वर करून टाकी बघितली, मग खाली बघितली, टाकीच्या बुडाशी असलेला छोटा गोल दरवाजा बघितला आणि म्हणाल्या, ‘‘घासतं कोण?’’

‘‘अं?’’

‘‘एवढं मोठं भांडं. रिकामं झालं की घासतं कोण? कशानं?’’

इतक्या वर्षांत, इंजिनिअर आणि जाणकार धरून, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि माझ्या घरात भांडी कोण घासतं हे लक्षात घेता मला तरी सुचायला हवं होतं. गाइड ‘ऑटोमॅटिक क्लीनिंग’ वगैरे म्हणायला लागला, तेवढ्यात पलीकडून गमबूट घातलेला एक दादा पाण्याचा पाइप ओढत आला. आत्याबाईंनी त्यालाच गाठलं. पुढचा बराच वेळ फेरी तिथेच थांबली आणि खरी वाइनरी मला त्या दिवशी दिसली.

‘‘आज्जी, आम्ही वाइन कमी करतो, धुतोच जास्त,’’ दादा म्हणाला. ‘‘द्राक्षं आली की यंत्र धुवा. रस टाकीत गेला की पाइप धुवा. टाकी बदलली की ती धुवा आणि ही पण धुवा. पंप खोलून धुवा. पिंपं गरम पाण्यानं. रात्री शेवटी फरशी.’’ आधी कॉस्टिक सोडा, मग सायट्रिक, मग साधं पाणी. एक लिटर वाइनपाठी कित्येक लिटर पाणी या धुण्यातच जातं. त्याने एका रिकाम्या टाकीचा दरवाजा उघडून विजेरी मारली. आतल्या भिंतीवर जांभळट, चमकणारे खडे चिकटले होते. हे टार्टरचे. वाइन थंड केली की द्राक्षातलं आम्ल असं भिंतीवर बसतं. केकवाले वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर याच्यापासूनच करतात. आत्याबाईंनी नखाने एक खडा काढला, जिभेला लावला आणि म्हणाल्या, ‘‘आंबट. चिंचेचं पातेलं बरं, एका हातात निघतं.’’

मग त्यांनी विचारलं, ‘‘आत उतरतोस का?’’

‘‘उतरावं लागतं कधी कधी. पण एकटं नाय. आत गॅस असतो, बाहेर माणूस उभा पाहिजे. आधी हवा सोडायची, मीटर लावायचं.’’

‘‘आमच्या पेवात पण,’’ आत्याबाई म्हणाल्या, आणि त्या दोघांचं जे जमलं ते जमलंच. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची, कंदील दोरीने खाली सोडायचा, विझला तर थांबायचं. हरिपूरची हळद आणि नाशिकची शिराझ एकाच नियमावर चालते, हे गाइडच्या पाठांतरात नव्हतं. नवऱ्याला राहवलं नाही, त्याने जॉर्जियाची गोष्ट काढली. कॉकेशसमधल्या त्या देशात आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांत वाइनचे अंश सापडलेत. आजही तिथे माणसापेक्षा उंच मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, आतून मेण लावतात आणि त्यात द्राक्षं आंबवतात. युनेस्कोने २०१३ साली या पद्धतीला वारशाच्या यादीत घेतलंय. एरवी ही गोष्ट ‘मडकं’, ‘युनेस्को’, ‘वा’ अशी संपते. आत्याबाईंनी ती संपू दिली नाही.

‘‘पुरलेला रांजण बाहेर काढतात धुवायला?’’

‘‘नाही. मोठा असला तर माणूस आत उतरतो. चेरीच्या सालीचा ब्रश असतो.’’

‘‘म्हणजे आठ हजार वर्षं झाली तरी माणूस आतच,’’ आत्याबाई म्हणाल्या आणि गमबूटवाल्या दादाकडे बघून त्यांनी मान हलवली. दादानेही हलवली. मातीचा रांजण झाला, पिंप झालं, स्टील झालं, बाहेरून थंडावा आला, आणि आत पाइप घेऊन उभा असलेला माणूस तसाच.

चव घेण्याच्या टेबलावर आत्याबाईंना खुर्ची दिली. त्या घेणार नव्हत्याच. पण त्यांनी बघितलं की दोन पुणेकर जाणकार घोट घेतात, गालात खुळखुळवतात आणि टेबलावरच्या चकचकीत भांड्यात थुंकतात. ‘‘अगं, पिकदाणी!’’ त्या आनंदाने म्हणाल्या. त्यांच्या माहेरी पितळेची होती. ‘‘पण आमच्याकडे विडा चावून थुंकायचे. हे पैसे देऊन थुंकतात?’’ जाणकारांपैकी एकाने समजावलं की दिवसाला पुष्कळ वाइन चाखायच्या असतील तर गिळून चालत नाही. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि त्याला विचारलं, ‘‘आज किती चाखायच्यात?’’ तो म्हणाला, चार. त्यानंतरचे तीन घोट त्याने गिळले.

त्या रात्री पुतण्याने पोर्तुगालहून आणलेली बाटली काढली. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, हिला खरं बूच होतं. नवऱ्याला आयुष्यातली संधी मिळाली. त्याने आधी बुचावर प्रवचन दिलं. बुचाच्या झाडाची साल पहिल्यांदा काढायला पंचवीसेक वर्षं थांबावं लागतं, मग दर नऊ वर्षांनी. बाटलीला चालेल अशी साल तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. एवढं बोलून त्याने तीन प्रकारचे ओपनर मांडले. पहिल्याचा स्क्रू तिरका गेला. दुसऱ्याने अर्धं बूच वर आलं, अर्धं आत राहिलं. तिसरा दोन पंखांचा, परदेशी. त्याचा एक पंख तुटला. चाळीस वर्षं तयार झालेलं बूच भुगा होऊन बाटलीत पडायला लागलं. भाऊजी फोनवरून सल्ला देत होते. कुणीतरी बूट आणला, बाटली बुटात ठेवून भिंतीवर आपटतात म्हणे. मी बूट परत नेऊन ठेवला.

आत्याबाई उठल्या, स्वयंपाकघरातून रवी आणली, दांडा बुचावर टेकवला आणि ते सरळ आत ढकललं. ‘‘गाळणी आण,’’ मला म्हणाल्या. चहाच्या गाळणीतून सगळ्यांना वाइन मिळाली. नवऱ्याने घेतलेला काचेचा डिकँटर मधोमध होता, पण त्यात जास्वंद होती. सगळ्यांचं पिऊन झाल्यावर आत्याबाईंनी ग्लास मोजले आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली, ‘‘बाळ, ऊठ. सामान तुझं ना? घासायचंही तूच.’’ तेव्हापासून आमच्या घरात नवीन एकही उपकरण आलेलं नाही. ब्रिक्स मीटर शेजारच्या बागायतदाराने अर्ध्या किमतीत घेतलं.

तेव्हा येणार असाल तर जरूर या. जानेवारी ते मार्चमध्ये या, म्हणजे टाक्या भरलेल्या आणि यंत्रं चालू दिसतील. पावसाळ्यात आलात तर फक्त गाइड चालू असतो. गाडी चालवायला खरोखरच न घेणारा एक माणूस बरोबर आणा. टाकीपाशी उंची आणि किंमत विचारू नका, ती फलकावर लिहिलेली असते. गमबूट घातलेला माणूस दिसला तर त्याच्याशी दोन शब्द बोला. आणि राहायला आमच्याकडेच उतरणार असाल, तर संध्याकाळचे ग्लास ज्याचे त्याने विसळायचे आहेत.